नागिणीचा विळखा

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत पैठण, म्हणजे त्या काळचें प्रतिष्ठान, हें सातवाहनांच्या राज्यांतील एक नामांकित नगर होतें. त्याच शतकांत कोणा अज्ञात ग्रीक व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची जी माहिती लिहून ठेविली, आणि जी ‘पेरिप्लस’ या नांवानें प्रसिद्ध आहे, तींत पैठणचा उल्लेख आहे. भडोचेच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर हें नगर असून तेथील मूल्यवान दगड गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखांतून बंदरावर आणतात, असें तो सांगतो. असला माल पुढें रोमन साम्राज्याच्या बाजारांत जाई, आणि त्याबद्दल कुरकुर करणाऱ्यांत प्लिनी हा विद्वान अग्रभागीं होता. चैनीच्या वस्तूंपायीं रोमचा पैसा दरवर्षीं पूर्वेकडे वाहून जातो, अशी त्याची तक्रार असे.

हा प्लिनी इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकांत मरण पावला. त्याच्या सृष्टिविषयक प्रचंड ग्रंथांत ‘पवित्र अग्नि’ नांवाच्या त्वचारोगाचे प्रकार दिलेले आहेत. त्यांतील एक प्रकार माणसाच्या कमरेभोंवतीं फिरतो. त्यास ‘झोस्टर’, म्हणजे कमरपट्टा, असें म्हणत. आणि पट्ट्याचीं दोन टोंकें एकमेकांस मिळालीं कीं रोगी दगावतो, असें प्लिनी लिहितो. औषध म्हणून एका वनस्पतीबरोबर किमोलस बेटांतील पांढरी माती लावावी, असाही त्याचा सल्ला आहे.

पैठणच्या कोणाही वृद्ध गृहिणीस ही हकीकत सांगितली, तर तींत तिला नवें कांहींच वाटणार नाहीं. रोमन लोक ज्यास कमरपट्टा म्हणत, ती आपल्याकडील नागीण होय. नागिणीचें तोंड आणि शेंपूट एक झालें, विळखा पुरा झाला, कीं माणूस वांचत नाहीं, ही समजूत गोदाकांठीं आणि साऱ्या महाराष्ट्रांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. रोममध्यें पांढरी माती, आपल्याकडे तांबडी काव. फरक काय तो एवढाच. भडोचच्या गाड्यांतून ही समजूत इकडून तिकडे गेली किंवा तिकडून इकडे आली, असें मानण्याचें मात्र कारण नाहीं. बरगडीपासून निघून पाठीकडे सरकत जाणारी फोडांची रांग जो कोणी रोज सकाळीं पाहील, त्याच्या मनांत ही भीति आपोआप उत्पन्न होईल. अरबी भाषेंत या रोगास आगीचा पट्टा म्हणतात, आणि डॅनिश भाषेंत त्याच्या नांवांत नरकाग्नीचा संबंध आहे. जळणें आणि वेढणें, या दोन गोष्टी सर्वांनाच दिसल्या. विळख्यास आपल्याकडे सर्पाचें रूप मिळालें.

आयुर्वेदाच्या ग्रंथकारांनीं मात्र येथें अधिक संयम दाखविला आहे. सुश्रुतानें क्षुद्ररोगांत ‘कक्षा’ नांवाचा विकार सांगितला आहे. बाहु, कूस, खांदा आणि कांख या ठिकाणीं पित्तप्रकोपामुळें उठणारे, काळसर आणि वेदनायुक्त फोड, असें त्याचें लक्षण. पुष्कळ वैद्य नागिणीचा संबंध याच रोगाशीं जोडतात.

आतां विळख्याच्या समजुतीची थोडी परीक्षा करावी. नागीण बहुधा शरीराच्या एकाच अर्ध्या भागावर उठते. पाठीच्या कण्यापासून निघून ती बगलेवरून पुढें येते आणि छातीच्या किंवा पोटाच्या मध्यरेषेपाशीं थांबते. क्वचितच ती पलीकडे जाते. म्हणजे ज्या विळख्याची एवढी धास्ती, तो पुरा होण्याचा प्रसंग जवळजवळ येतच नाहीं. शिवाय फोड दोन ते चार आठवड्यांत आपोआप वाळतात. नागीण उतरविणाऱ्या जाणत्याचा लौकिक या दोन गोष्टींवर उभा आहे. त्यानें मंत्र म्हटला, काव लावली, आणि नागीण मध्यावर अडली. पंधरवड्यांत खपल्या धरल्या. त्याचा मंत्र खोटा पडण्यास जागाच राहिली नाहीं! यांत त्याची लबाडी असतेच असें नव्हे. पुष्कळदां तो एक पैसाही घेत नाहीं, आणि रोग्याइतकाच त्याचाही त्या मंत्रावर विश्वास असतो. निसर्गानें ज्या लढाईचा निकाल आधींच ठरवून ठेविला आहे, ती जिंकल्याचें श्रेय मात्र त्याला मिळतें.

हानि होते ती निराळ्या ठिकाणीं. फोड बरे होतात, पण वेदना बरी होतेच असें नाहीं. नागिणीचा रोगी प्रथम फोड पाहत नाहीं. प्रथम त्याला दुखणें येतें. एक ते पांच दिवस कुशींत सणका निघतात, आग होते, आणि कोणास हृदयविकाराची, कोणास मुतखड्याची शंका येते. मग फोड उठतात, आणि त्या जागेला वस्त्राचा स्पर्शही सोसवत नाहीं. ज्या गांवाची कीर्ति वस्त्रामुळें देशभर झाली, ज्या गांवांत रेशीम आणि जर यांच्या धाग्यांवर विणकराची बोटें जन्मभर फिरतात, तेथील एखाद्या म्हाताऱ्या विणकरास अंगांतला सुती सदरा वैऱ्यासारखा वाटावा, असें हें दुखणें आहे. बहुतेकांचें तें महिन्याभरांत ओसरतें. पण दहांतील एकाद्या-दोघांचें तीन महिने उलटले तरी राहतें, कित्येकांचें वर्ष-वर्ष राहतें. आणि वय जितकें अधिक, तितका हा धोका अधिक. रात्रीची झोंप जाते, अन्न गोड लागत नाहीं. खपल्या पडल्यामुळें घरच्यांच्या दृष्टीनें रोगी बरा झालेला असतो. त्याच्या कण्हण्याचें कारण त्यांना उमगत नाहीं, आणि म्हातारपणीं स्वभाव किरकिरा झाला, असा दोष मात्र पदरीं येतो.

डोळ्याच्या बाजूस उठणारी नागीण तर याहून भयंकर. जोनाथन हचिन्सन या इंग्रज शस्त्रवैद्यानें एकोणिसाव्या शतकांत दाखवून दिलें कीं, नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले तर डोळ्यास इजा होण्याचा संभव फार. अशा वेळीं एक दिवसही घरीं काढणें म्हणजे दृष्टि पणास लावणें होय.

या रोगावर १९८० च्या सुमारास ॲसायक्लोव्हिर हें औषध प्रचारांत आलें. ज्या प्रयोगशाळेंत तें तयार झालें, तेथील गर्ट्रूड एलियन या विदुषीस १९८८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हें औषध फोड दिसल्यापासून बहात्तर तासांच्या आंत सुरू केलें तर त्याचा गुण उत्तम येतो. नंतर तो कमी होत जातो. बहात्तर तास म्हणजे तीन दिवस; आणि आपल्याकडे जाणत्याकडे फेऱ्या घालण्यांत नेमके हेच तीन दिवस खर्च होतात. काव लावल्यानें जीव जात नाहीं, हें खरें. पण त्या लेपाखालीं घड्याळ चालत असतें. पैठणहून सुमारें पन्नास किलोमीटरांवर, छत्रपति संभाजीनगरांत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय १९५६ पासून आहे. साऱ्या मराठवाड्यांत तें ‘घाटी’ या नांवानें ओळखलें जातें. तेथवर जाण्याचीही बहुधा गरज पडत नाहीं, कारण ह्या गोळ्या गांवच्या औषधाच्या दुकानांतही डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतात. उणीव असते ती वेळेवर उठण्याची.

नागीण येते कोठून, याचा शोध लागण्यास शंभर वर्षें लागलीं. बर्लिनच्या बेरेनस्प्रुंग नांवाच्या वैद्यानें १८६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत एका मृत रोग्याचें शरीर तपासून पाहिलें, तेव्हां फोडांच्या ओळीला अनुसरून पाठीच्या कण्याजवळील मज्जातंतूच्या मुळाशीं असलेली गांठ सुजलेली व बिघडलेली त्यास आढळली. १९०० सालीं हेन्री हेड व कॅम्पबेल या दोघांनीं असेच पुष्कळ मृतदेह तपासून हा सिद्धान्त पक्का केला. प्रत्येक गांठींतून निघणारा तंतु शरीराच्या एकाच बाजूचा एक पट्टा सांभाळतो. दुसऱ्या बाजूचा तंतु निराळ्या गांठींतून येतो. नागीण मध्यरेषेवर कां अडते, याचें उत्तर येथें मिळालें. जें मंत्राचें सामर्थ्य वाटत होतें, ती शरीराचीच रचना निघाली.

परंतु त्या गांठींत रोग शिरला कसा? हंगेरींतील बालरोगतज्ज्ञ बोकाय यास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक चमत्कारिक गोष्ट दिसली. घरांत वडील माणसाला नागीण झाली कीं थोड्याच दिवसांत मुलांना कांजिण्या येत. दोन्ही रोगांचें बीज एकच असावें, असा त्यानें तर्क केला. आणि १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत थॉमस वेलर यानें प्रयोगशाळेंत विषाणु वाढवून तो खरा करून दाखविला. राहिलेला दुवा जोडला तो कोणा मोठ्या विद्यापीठांतील आचार्यानें नव्हे, तर इंग्लंडांतील सायरनसेस्टर या लहानशा गांवीं दवाखाना चालविणाऱ्या होप-सिम्प्सन नांवाच्या डॉक्टरनें. आपल्या गांवांतील रोग्यांची टिपणें त्यानें वर्षानुवर्षें ठेविलीं, आणि १९६५ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, नागीण बाहेरून येतच नाहीं. लहानपणीं कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा विषाणु शरीर सोडून जात नाहीं. तो मज्जातंतूंच्या गांठींत निपचित पडून राहतो, आणि म्हातारपणानें, दुसऱ्या आजारानें वा औषधांनीं प्रतिकारशक्ति ढिली झाली कीं पुन्हां जागा होतो. पैठणसारख्या गांवांत कोणी डॉक्टर चाळीस वर्षें एकाच ठिकाणीं बसून अशीं टिपणें ठेवील, तर त्यांतूनही काय निघेल, कोण जाणे!

या शोधाची गंमत मराठी घरास जितकी कळेल तितकी इंग्रजी घरास कळणार नाहीं. कांजिण्या आल्या कीं आपल्याकडे अजून कित्येक घरांत देवी आली असें मानतात. दाराला कडुलिंबाचा डहाळा लावतात, फोडणी बंद ठेवतात, आणि निघतांना कडुलिंबाच्या पाण्यानें न्हाऊं घालून तिची सन्मानानें बोळवण करतात. विज्ञान म्हणतें, ती गेलीच नव्हती. बाळपणीं जिला देवी म्हणून निरोप दिला, तीच साठ वर्षांनीं नागीण होऊन त्याच देहांतून बाहेर पडते. म्हणूनच नागीण झालेल्या आजीपासून नातवास नागीण होत नाहीं. पण त्याला कांजिण्या आलेल्या नसतील तर त्या मात्र येऊं शकतात. फोडांवर खपल्या येईपर्यंत तान्हें मूल आणि गर्भवती सून यांना दूर ठेवावें, तें यासाठीं.

आतां लसीकडे वळावें. महाराष्ट्रास लसीचा परिचय जुना आहे. जेन्नरनें १७९६ सालीं इंग्लंडांत गाईच्या देवीची लस प्रथम टोचली. हिंदुस्थानास ती पोंचविण्याचे प्रयत्न वाटेंतच फसत, कारण लांबच्या सागरप्रवासांत ती निकामी होई. शेवटीं व्हिएन्नाच्या डॉक्टर द कारो यानें ती बगदादेस पाठविली. तेथून बसरा आणि बसऱ्याहून जहाजानें मुंबई, असा तिचा प्रवास झाला. आणि १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत अॅना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती यशस्वीपणें टोचली गेली. हिंदुस्थानांतील ही पहिली लस. त्या मुलीच्या दंडावरील फोडांतून घेतलेली लस इतर मुलांना, आणि त्यांच्याकडून पुढें, अशी एका हातावरून दुसऱ्या हातावर ती पुणें, सुरत, हैदराबाद, मद्रास या शहरांपर्यंत गेली. पुढें १९४८ पर्यंत ज्या हैदराबादच्या राज्यांत पैठण होतें, त्याच्या राजधानींत ती अशी आली.

लोकांनीं तिचें स्वागत केलें असें म्हणतां येणार नाहीं. परक्याच्या मुलाच्या अंगांतील लस आपल्या मुलाच्या अंगांत घालणें अनेकांस विटाळाचें वाटे. देवीचा कोप होईल ही भीति निराळीच. पण भाषेनें एक तडजोड काढली. लस टोचण्यास मराठींत ‘देवी काढणें’ म्हणूं लागले, आणि देवीचें नांव कायम राखून देवीचा रोग हद्दपार करण्याचें काम सुरू झालें. १८७७ च्या कायद्यानें मुंबई शहरांत मुलांना देवी काढणें सक्तीचें झालें. हिंदुस्थानांतील देवीचा शेवटचा रोगी १९७५ च्या मे महिन्यांत आढळला, आणि १९८० सालीं जग देवीमुक्त झाल्याचें जाहीर झालें.

लसीविषयींची शंका ही केवळ अज्ञानाचीच असते, असें मात्र इतिहास सांगत नाहीं. मुंबईंत प्लेगनें थैमान घातलें असतां हाफकिन यानें लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. तरीही १९०२ सालीं पंजाबांतील मलकोवाल गांवीं एका बाटलींतील दूषित लसीमुळें एकोणीस माणसें धनुर्वातानें दगावलीं. हाफकिनवर ठपका आला, त्यास काम सोडावें लागलें, आणि दोष त्याच्या प्रयोगशाळेचा नव्हता हें मान्य होण्यास १९०७ साल उजाडलें. परळच्या संस्थेस त्याचें नांव मिळालें तें १९२५ मध्यें. लस देणाऱ्यानें स्वच्छतेचा आणि खरेपणाचा हिशेब द्यावा, असें मागणारा मनुष्य मूर्ख नसतो.

कांजिण्यांची लस जपानांत निघाली, तीही एका बापाच्या काळजींतून. मिचिआकी ताकाहाशी हे १९६४ सालीं अमेरिकेंत असतां त्यांच्या लहान मुलास कांजिण्या अत्यंत तीव्र आल्या. त्या रात्री त्यांनीं उशाशीं बसून काढल्या. पुढें ओसाका येथें ओका आडनांवाच्या एका मुलाच्या फोडांतून घेतलेला विषाणु निर्बळ करून त्यांनीं १९७४ सालीं लस प्रसिद्ध केली. त्याच विषाणूची पुष्कळ अधिक तीव्र मात्रा करून २००६ सालीं अमेरिकेंत नागिणीची पहिली लस निघाली. अडतीस हजारांहून अधिक वृद्धांवर तिची परीक्षा झाली होती. तींत नागिणीचें प्रमाण निम्म्यानें आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या वेदनेचें सुमारें दोन-तृतीयांशानें घटलें. २०१७ मधील दुसऱ्या लसींत जिवंत विषाणु नाहीं; त्याच्या आवरणावरील एक प्रथिन, आणि प्रतिकारशक्तीस चेतविणारें एक द्रव्य आहे, ज्यांतील एक घटक चिली देशांतील एका झाडाच्या सालींतून काढतात. पन्नाशीच्या पुढील माणसांवरील परीक्षेंत तिनें सुमारें ९७ टक्के, आणि सत्तरीच्या पुढीलांत सुमारें ९१ टक्के संरक्षण दिलें. शक्ति कालांतरानें थोडी उतरते, पण दहा वर्षांनंतरही बरीच शिल्लक राहते. ही लस हिंदुस्थानांत २०२३ सालीं आली. पहिली लस अमेरिकेंत २०२० सालीं बंद झाली. तिनेंच वेल्समधील वृद्धांत स्मृतिभ्रंशाचें प्रमाण सुमारें एक-पंचमांशानें कमी झाल्याचें एक संशोधन २०२५ मध्यें प्रसिद्ध झालें आहे. पण त्यावर अजून विचार चालू आहे, आणि तेवढ्यासाठीं लस घ्यावी असें कोणी म्हणत नाहीं.

देवीची लस आणि ही लस यांत एक मोठा भेद आहे, आणि निर्णयाची अडचण त्यांतच आहे. देवी एकापासून शंभरांस होई. म्हणून सरकारास सक्ती करण्याचा अधिकार पोंचला. नागिणीची लस ज्यानें घेतली, तिचा लाभ त्यालाच. येथें कायदा नाहीं, दारोदार फिरणारा टोचणारा नाहीं, आणि सरकारच्या मोफत लसीकरणांत हिचा समावेशही नाहीं. दोन मात्रांचे मिळून कांहीं हजार रुपये पडतात. ज्या घरांत तेवढ्या पैशांत कापसाच्या बियाण्याची किंवा मुलीच्या फीची सोय होते, तेथें आजोबा म्हणणार, माझें काय, आतां किती दिवस राहिले! यांत कंजूषपणा नसतो. आपल्या जिवाचा खर्च घरावर पडूं नये ही जुन्या पिढीची रीत असते. पण हिशेबाची दुसरी बाजूही घरच्यांनीं आजोबांपुढें मांडावयास हवी. जेथें मोजणी झाली आहे अशा देशांत तिघांतील एका माणसास आयुष्यांत केव्हां ना केव्हां नागीण होते. ती झाली आणि वेदना वर्षभर टिकली, तर औषधें, वरचेवर घाटीच्या खेपा, बुडालेली मजुरी, आणि रात्रंदिवस जवळ बसणारें एक माणूस, यांचा आंकडा कोणत्या वहींत लिहावयाचा? मधुमेही, मूत्रपिंडाचा किंवा कर्करोगाचा रोगी, अथवा प्रतिकारशक्ति मंद करणारीं औषधें घेणारा, यांच्या बाबतींत तर पारडें स्पष्टच झुकतें.

लसीचा त्रास काय, हेंही सरळ सांगणें बरें. दंड दुखतो, अंग मोडून येतें, ताप येतो, आणि एक-दोन दिवसांत तो उतरतो. मज्जातंतूंना दुर्बळ करणारा एक आजार दहा लाख मात्रांमागें सुमारें तिघांस होण्याचा संभव अमेरिकेंत नोंदला गेला आहे. आधीं नागीण होऊन गेलेल्यासही ही लस घेतां येते; मात्र फोड पूर्ण वाळल्यावर. चालू नागिणीवर तिचा उपयोग नाहीं. तेथें गोळ्याच हव्यात, आणि त्याही त्या तीन दिवसांत.

धर्माचा निवाडा हवा असेल तर दूरदूरचे लोक एके काळीं पैठणच्या शास्त्र्यांकडे येत. ज्ञानदेवादि भावंडांना शुद्धिपत्रासाठीं याच गांवीं यावें लागलें, अशी परंपरा आहे. या प्रश्नाचा निवाडा मात्र कोणी शास्त्री देणार नाहीं, आणि डॉक्टरही केवळ सल्लाच देईल. दोन मात्रांमध्यें दोन ते सहा महिन्यांचें अंतर ठेवावें लागतें. फाल्गुनांत नाथषष्ठीच्या यात्रेचा गलबला ओसरल्यावर ज्यानें पहिली टोंचून घेतली, त्याची दुसरी ज्येष्ठांत नाथांची पालखी पंढरपुराकडे निघण्याच्या सुमारास पुरी होते.